चार हॉटेलांच्या बाई

जेवून उठलेला माणूस हात धुऊन, बडीशेप तोंडात टाकून "जेवण एकदम झकास होतं" म्हणाला, की बाई मान हलवत आणि त्याच्या पाठीमागे टेबलावर राहिलेल्या ताटाकडे बघत. ताटात काय उरलंय, किती उरलंय, कुठल्या कडेला सारलंय. मग तशाच आत जात. गिऱ्हाइकाला वाटे, या बाईंना कौतुकाचं काही नाही. कौतुक त्यांना हवं असायचं, पण त्यावर त्यांचा विश्वास नव्हता.

"माणूस तोंडावर चांगलंच म्हनते हो," त्या मला सांगत. "घरून तसंच शिकवेल राह्यते. तुमी त्याचं ताट पाहा ना."

दुपारी बारा ते तीन या गर्दीच्या वेळात कुठल्याही हॉटेलचा मालक गल्ल्यावर सापडतो. बाई मागच्या मोरीपाशी सापडत. भांडी घासणाऱ्या दोघी बायका बसलेल्या, आणि त्यांच्या शेजारी डोक्यावरचा पदर सावरत बाई उभ्या. आलेलं प्रत्येक ताट राखेत जाण्याआधी त्यांच्या नजरेखालून जाई. पाच-सात ताटं झाली, की तिथूनच स्वयंपाकघरात आवाज: "वांग्यात तेल जास्त झालं बाप्पा! सगळ्याईचा तर्रीचा थर तसाच हाय." नवा स्वयंपाकी आला की पहिला आठवडा चिडायचा, दुसरा आठवडा घाबरायचा, आणि महिन्याभरात स्वतःच मोरीत डोकावून यायला लागायचा.

हे वडनेर भोलजीचं हॉटेल. मलकापूरहून नांदुऱ्याकडे निघालं की हायवेच्या डाव्या हाताला. पाटीवर बाईंच्या सासऱ्यांच्या नावावरून काढलेलं लांबलचक नाव होतं, ते कुणी वाचलं असेल असं मला वाटत नाही. सुरतेपासून कलकत्त्यापर्यंतचे ड्रायव्हर त्याला 'बाई का होटल' म्हणत.

मी तिथे मॅनेजर म्हणून लागलो तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो. गाव वरवट बकाल. डी.एड. होऊन चार वर्षं झाली होती, शिक्षकांची भरती काही निघत नव्हती, आणि घरी बसून भरतीच्या बातम्या वाचण्यापेक्षा काहीतरी करावं म्हणून कुणाच्या तरी ओळखीनं गेलो होतो. प्रमाणपत्रांची फाइल सोबत नेली होती. बाईंनी ती उघडली नाही. म्हणाल्या, "जेवन झालं का?" नाही म्हटल्यावर ताट आणवलं. ताटात कारल्याची भाजी होती आणि कारलं मला लहानपणापासून जात नाही. पण नोकरी मागायला गेलेला माणूस. दोन घास गिळले आणि उरलेली भाजी हळूच वरणाच्या रिकाम्या वाटीखाली सारली.

बाईंनी येऊन वाटी उचलली.

"कारलं आवडत नाही?"

"आवडतं ना."

"मंग दडवलं काऊन?"

माझे कान गरम झाले. बाई जराशा हसल्या. "तुमाले खोटं बोलता येत नाही, हे बरं हाय. सोमवारपासून या." आणि डी.एड. झालंय हे कळल्यावर त्यांनी मला गुरुजी म्हणायला सुरुवात केली. मी एकदा म्हणालो, "बाई, मी काही गुरुजी झालो नाही." त्यावर म्हणाल्या, "शाळा भेटली नाही तर नाही भेटली. नाव तरी राहू द्या."

हॉटेल कसं सुरू झालं ते मी त्यांच्याच तोंडून ऐकलं होतं. त्यांच्या यजमानांचं त्याच जागी ट्रकचं पंक्चर काढायचं दुकान होतं. ट्रकचं चाक खोलून, ट्यूब काढून, ठिगळ मारून परत चढवायला तास-दीड तास सहज जाई. ड्रायव्हर बाजेवर बसून राही. एका उन्हाळ्यात एकानं पाणी मागितलं. बाईंनी तांब्या दिला आणि त्याचा चेहरा पाहून भाकर आणि बेसनही दिलं. तो गेला आणि पुढच्या खेपेला पंक्चर नसताना थांबला, सोबत आणखी दोघांना घेऊन. यजमान शेवटपर्यंत टायरच सुधारत राहिले. हॉटेलात त्यांचं मन कधी रमलं नाही. मी लागलो त्याच्या आधीच ते वारले होते. दोन मुलगे होते. थोरला धडाडीचा. शाळकरी वयात सायकलला दोन कॅन बांधून तो हॉटेलचं पाणी भरायचा, हे गावातले लोक अजून सांगतात. धाकटा गरीब स्वभावाचा, सांगितलेलं काम करणारा. थोरल्याच्या जोरावर पंधरा-सोळा वर्षांत एकाची चार हॉटेलं झाली. वडनेरचं मूळ, दुसरं नांदुऱ्याजवळ, तिसरं खामगावच्या रस्त्याला आणि शेवटचं मलकापूरच्या अलीकडे.

हॉटेलं चार झाली तरी बाईंचं जेवण एकच राहिलं. घरात दोन गाड्या होत्या, पण त्या गाडीत बसत नसत. गाडी आलेली दुरून दिसते, म्हणत. सकाळी दहाच्या सुमाराला एसटीनं नाहीतर काळीपिवळीनं निघायच्या आणि कुठल्या हॉटेलात आधी उतरतील ते कुणाला माहीत नसे. गेल्या की टेबलाशी गिऱ्हाइकांच्या बाजूलाच बसत आणि चतकोर भाकर मागत. त्यासोबत त्या दिवशी जे काही शिजलं असेल ते घासभर. मग पुढचं हॉटेल, पुढची चतकोर. चौथ्या ठिकाणी त्यांची भाकर पुरी होई. मी एकदा विचारलं, "असं तुकड्यातुकड्यानं पोट भरतं का?"

"भरते ना. फक्त पोचाले उशीर लागते."

मेनूकार्ड नव्हतं. आज काय केलंय ते वाढणाऱ्यानं सांगायचं, काय पाहिजे ते विचारायचं नाही, असा नियम. एकदा पांढऱ्या गाडीतून एक मोठे साहेब उतरले. सोबत तीन-चार माणसं. मेनू मागितला. मी नाही म्हटल्यावर त्यांच्या माणसानं आवाज चढवला. बाई मोरीवरून हात पुसत आल्या.

"साहेब, पातोडीची भाजी हाय, कढी हाय, डाळभाजी हाय. भाकर हाय, पोळी हाय."

"पनीर नाही?"

"नाही. इथी दूध ताजं भेटते, पनीर शिळं भेटते. म्हून आमी कढी करतो."

साहेब हसले आणि बसले. जाताना चांगलं होतं असं काही म्हणाले नाहीत. पण बाईंनी त्यांचं ताट आत नेऊन दोघी बायकांना दाखवलं. त्यात देठापर्यंत खाल्लेली एक मिरची तेवढी होती.

ताटावरून त्यांना जे कळायचं ते मला पुढे थोडं जमलं, पण त्यांच्यासारखं नाही. एका दुपारी एक सरदारजी ड्रायव्हर जेवून उठला. मला तो ठीकच दिसला. बाईंनी ताट पाहिलं आणि तशाच बाहेर गेल्या. तो ट्रकच्या पायरीवर पाय ठेवत होता.

"ओ सरदारजी, उतरो. खाना नहीं खाया तुमने."

"खा लिया, माताजी."

"रोटी तोडी है, खाई नहीं. पानी के तीन गिलास पिए. हाथ दिखाओ."

हात लावला तर तापानं फणफणलेला. बाईंनी त्याला मागच्या खोलीत बाजेवर झोपवलं, धाकट्याला डॉक्टर आणायला पाठवलं. डेंग्यू निघाला. तो माणूस आठ दिवस तिथे होता. त्याचा ट्रक आमच्या अंगणात उभा, आणि बाई रोज त्याच्या मालकाला फोनवर आपल्या हिंदीत दटावत, की गाडी न्यायला दुसरा माणूस पाठव, हा उठणार नाही.

हे सगळं खरं आहे, पण त्यांच्याजवळ काम करणं सोपं होतं असं मी म्हणणार नाही. त्यांना चारचौघांत बोलायची वाईट खोड होती. कुणाला बाजूला घेऊन सांगावं हे त्यांच्या डोक्यातच येत नसे. भाजीत मीठ जास्त पडलं तर त्या स्वयंपाक्याला गिऱ्हाइकांच्या मध्ये बसवून तीच भाजी पोटभर खायला लावत. दोन चांगले स्वयंपाकी त्यामुळे सोडून गेले. आणि सगळ्यात जास्त बोलणी खाल्ली ती थोरल्यानं.

मलकापूरकडचं हॉटेल त्यानं हौसेनं बांधलं होतं. आत एसी, काचेची दारं, फॅमिलीसाठी वेगळा हॉल, समोर मुलांना झोके. उद्घाटनाला मलकापूर-नांदुऱ्याचे व्यापारी, सोयरे, पुढारी अशी दोनशे माणसं जेवत होती. बाईंना मध्यभागी खुर्ची मांडली होती. त्या खुर्चीतून उठून मागे मोरीवर गेल्या आणि थोड्या वेळानं हॉलच्या दारात येऊन सगळ्यांसमोर म्हणाल्या, "पनीर कोनीच खाल्लं नाही रे. निरा रबर झालं हाय."

लोक हसले. थोरलाही हसला, पण मी त्याच्या शेजारी उभा होतो. त्याच्या हातातला हार त्यानं इतका घट्ट धरला, की फुलं गळाली. त्या दिवसापासून तो आईला काही विचारेनासा झाला.

पुढे हायवेचं चौपदरीकरण सुरू झालं. रस्त्याला नवी, चकचकीत हॉटेलं आली. गाडीतल्या लोकांना आता 'आज काय केलंय' ऐकायला वेळ नव्हता. थोरल्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं, टिकायचं तर बदलावं लागणार होतं. त्यानं नांदुऱ्याजवळ एक मोठं स्वयंपाकघर उभारलं. सगळा रस्सा तिथे व्हायचा, मोठाल्या प्लास्टिकच्या टपांतून सकाळी व्हॅननं चारही हॉटेलांत जायचा. तिथे नुसता गरम करायचा आणि त्यात पनीर नाहीतर भाज्या सोडायच्या. मेनूकार्डही आलं, रंगीत, प्लास्टिकचं, त्यावर एकशेचाळीस पदार्थ. बाईंना वाचायला यायचं. त्यांनी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत बोट ठेवत वाचलं.

"हे सगळं कोन रांधते?"

"रांधायचं काही नाही, माय," थोरला म्हणाला. "तीन रस्से राह्यतात. लाल, पिवळा अन् पांढरा. बाकी नावं हायत."

बाईंनी कार्ड मिटून गल्ल्यावर ठेवलं. महिनाभर त्यांनी त्यांची फेरी केली, आणि मग थांबवली. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, "चारी ठिकानी एकच चव लागते. मंग एसटीत काऊन बसू?" त्यानंतर त्या वडनेरलाच असत. तिथे मागच्या चुलीवर दहा-पंधरा जुन्या ड्रायव्हरांपुरती भाकर-भाजी करत. थोरल्यानं त्याला हरकत घेतली नाही, आणि मला त्यानं मलकापूरकडच्या हॉटेलवर नेलं.

आता जे झालं ते सांगतो. त्यात माझाही हात आहे.

लग्नसराईचे दिवस होते. जळगावकडून एका वऱ्हाडाची बस अकोल्याला चालली होती. पंचावन्न माणसांचं जेवण आदल्या दिवशीच सांगून ठेवलेलं. सकाळी दहाला व्हॅन आली. टपाचं झाकण उघडलं आणि मला आंबूस वास आला. व्हॅनवाला म्हणाला, रात्रभर लाइन नव्हती, जनरेटर लागला नाही, फ्रीजर बंद होता. मी थोरल्याला फोन लावला.

"दादा, रश्श्याला वास येऊन राह्यला."

"टमाटर टाका, मसाला टाका अन् चांगली उकळी घ्या. बस तासाभरात येते. आता काय वापस पाठवता?"

मी टोमॅटो टाकले, मसाला टाकला, उकळी घेतली. चाखलं मात्र नाही. चाखलं असतं तर वाढता आलं नसतं, एवढं मला कळत होतं.

बस आली, लोक जेवले, हसत-खेळत गेले. पुढे दोन किलोमीटरवर एका रसवंतीवर थांबून सगळ्यांनी उसाचा रस प्यायला. दिवस मावळायच्या आत फोन यायला लागले. तीसेक माणसं नांदुऱ्याच्या एका दवाखान्यात आणली होती. बाकीची दुसऱ्या दिवशी बरी झाली, पण नवरदेवाची भाची, सात वर्षांची मुलगी, डोळे उघडत नव्हती.

सकाळी दवाखान्याच्या व्हरांड्यात थोरला भेटला. रात्रभर तिथेच होता. शर्ट चुरगळलेला, चेहरा पार उतरलेला. बाजूच्या बाकावर पोलिसांनी रसवंतीवाल्याला चौकशीसाठी बसवून ठेवलं होतं. पन्नाशीचा, काटकुळा माणूस. त्याची बायको डबा घेऊन उभी होती आणि तो तो डबा उघडत नव्हता. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता, "साहेब, बर्फ मी कारखान्यातूनच आनतो. रोजचा हाय. कोनाले कधी काही झालं नाही."

थोरल्यानं मला कोपऱ्यात घेतलं. "रसानं झालं, असं सगळे म्हणून राह्यले. तुमी फक्त एवढं सांगा, भाजी सकाळची ताजी होती. सत्तर घरं चालतात गुरुजी आपल्यावर. तुमचंही त्यातलंच."

मी बरं म्हणालो. खरंच म्हणालो.

तेवढ्यात बाई आल्या. वडनेरहून काळीपिवळीनं, एकट्याच. मुलाशी बोलल्या नाहीत. आत जाऊन एकेका खाटेपाशी उभ्या राहिल्या. मुलीच्या खाटेपाशी बराच वेळ. मग बाहेर येऊन सरळ माझ्यासमोर.

"गुरुजी, ताटं कशी आली होती?"

थोरला माझ्याकडे बघत होता. मी खाली बघत होतो.

"पोरांनी एक-दोन घास खाऊन भाजी सोडली होती," मी म्हणालो.

"किती पोराईनं?"

"सगळ्यांनीच."

"अन् मोठ्याईनं?"

"मोठ्यांनी खाल्ली. लग्नाचं जेवण म्हणून."

"तुमाले वास आला होता?"

मी रसवंतीवाल्याच्या बंद डब्याकडे बघत राहिलो. बाईंनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. अन्न खात्याकडून तपासणीला आलेले साहेब शेवटच्या खोलीत कागद लिहीत बसले होते, तिकडे त्या निघाल्या. थोरला आडवा आला. दाराच्या चौकटीला हात लावून उभा राहिला.

"माय, तुले समजत नाही. चारी हाटेलं जातीन."

"जाऊ दे."

"सत्तर घरं हायत त्याच्यावर!"

"हाव. अन् त्या रसवाल्याचं एक हाय."

त्यानं हात काढला नाही. बाई त्याच्या हाताखालून वाकून आत गेल्या. त्या तशा ठेंगण्याच होत्या.

"साहेब, लिवा," मी बाहेरून ऐकलं. "भाजी आमची नासेल होती. त्या मानसाले घरी जाऊ द्या."

"कुणी बनवली? कुणी वाढली?"

"हाटेल माझ्या नावावर हाय. माझंच नाव लिवा."

रसवंतीवाल्याला सोडायला दुपार झाली. तो आधी काय झालंय हेच समजला नाही. समजल्यावर बायकोला घेऊन घाईघाईनं निघून गेला, कुणी मत बदललं तर काय, अशी भीती वाटून असेल. बाईंकडे त्यानं वळूनही पाहिलं नाही आणि बाईंचंही तिकडे लक्ष नव्हतं. त्यांनी कुठूनतरी तांदळाची पेज करवून आणली होती. मुलीच्या आईसमोर डबा धरला. ती रडून रडून थकून बसली होती. डबा बघून उठली.

"तुमच्या हातचं पाणीसुद्धा नको आम्हाला. चालत्या व्हा."

"बरोबर हाय," बाई म्हणाल्या. डबा घेऊन बाहेर आल्या आणि व्हरांड्यात भिंतीला टेकून बसल्या. मी निघालो तेव्हा मला म्हणाल्या, "तुमचं नाव मी घेतलं नाही, गुरुजी. ते तुमचं तुमी घ्या."

मला त्याला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी सकाळी मी त्या साहेबांकडे गेलो आणि वास आल्यापासूनचं सगळं सांगितलं. कुणी काय सांगितलं आणि मी काय केलं, दोन्ही. सही केली, आणि त्या रात्री झोप लागली. साहेबांकडून परतताना दवाखान्यावरून आलो, तेव्हा बाई तिथेच भिंतीला टेकून होत्या. धाकट्यानं आणलेली सतरंजी नुसती शेजारी ठेवलेली. नर्सनं दारातून सांगितलं, की मुलीनं डोळे उघडले, बिस्किट मागतेय. बाई उठल्या, गुडघे चोळले, आणि स्टँडकडे चालू लागल्या. कुणाला भेटल्या नाहीत.

मग जे व्हायचं ते झालं. त्या हॉटेलचा परवाना गेला, केस उभी राहिली, दवाखान्याचा खर्च बाईंनी उचलला. थोरल्याला आणि मला दोघांनाही कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या आणि दोघांनाही दंड झाला. चारही पाट्यांवर एकच नाव, त्यामुळे उरलेल्या तिन्ही हॉटेलांसमोर गाड्या थांबेनाशा झाल्या. त्यातच वडनेरला उड्डाणपूल झाला आणि ट्रक हॉटेलच्या डोक्यावरून जायला लागले. वर्ष-दीड वर्षात सगळं आटोपलं. नांदुऱ्याच्या जागेत आता फर्निचरचं दुकान आहे. मलकापूरकडचं एसी हॉटेल मंगल कार्यालय झालं. माणसं पांगली. काहींना दुसरीकडे काम मिळालं, काहींना नाही, आणि ज्यांना मिळालं नाही ते बाईंबद्दल बरं बोलत नाहीत. ते मी ऐकून घेतो.

थोरला बायको-मुलांना घेऊन पुण्याकडे गेला. जाताना गावात सांगून गेला, "रस्त्यानं नाही बुडवलं आमाले. मायनं बुडवलं." चार वर्षं तो आला नाही. फोन धाकट्याला करायचा, आईला द्यायला सांगायचा नाही. खरं सांगायचं तर पूल झाल्यावर हॉटेलं तशीही टिकली नसती, असं मला वाटतं. पण हे मी त्याला कधी बोललो नाही. सांगून त्याला काय बरं वाटणार होतं?

मला पुढे एका निवासी शाळेच्या भोजनगृहावर देखरेखीचं काम मिळालं. सुट्टीत वडनेरवरून जाताना बाईंकडे डोकावत असे. धाकट्यानं मागच्या जागेत पिठाची गिरणी घातली होती. बाई गिरणीच्या ओट्यावर बसून येणाऱ्या दळणात हात घालून बघत आणि "ज्वारीले कीड हाय, ऊन दाखवा" असं लोकांना सांगत. लोक चिडत आणि ऊन दाखवून आणत.

गेल्या थंडीत त्या गेल्या. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याआधीच्या अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. उन्हाची वेळ. बाईंनी मला जेवायला थांबवलं होतं, आमरस केला होता. पाटावर बसलो तेवढ्यात फाटक वाजलं. थोरला. एकटाच, पाठीला एक सॅक. केस बरेच पिकलेले. धाकटा चटकन उठून उभा राहिला. बाईंनी मान वर केली आणि सुनेला म्हणाल्या, "एक ताट अजून घे."

तो पाय धुऊन माझ्या शेजारी बसला. मला म्हणाला, "कसं काय, गुरुजी?" मी म्हणालो, बरं आहे.  धाकट्यानं विचारलं, काम कसं चाललंय. तो एका कारखान्याच्या कॅन्टीनवर सुपरवायझर होता.

"चाललं हाय," तो म्हणाला. मग ताटाकडे बघतच, कुणाला उद्देशून ते न कळेल असं: "परवा एक भाजी फेकली. तीनशे मानसाची. आंबली होती थोडी."

बाई रस वाढत होत्या. त्यांचा हात थांबला. "मंग काय देलं त्याइले?"

"खिचडी टाकली. तासभर उशीर झाला. कामगार बोंबलले."

"अन् तुया मालक?"

"चिडला. लय चिडला."

"काढलं का तुले?"

"नाही अजून. उद्या बोलावलं हाय."

बाईंनी त्याची वाटी भरली. काठापर्यंत भरली, इतकी की थोडा रस ताटात सांडला. मग पळी पातेल्यात ठेवून त्या त्याच्यासमोर खाली बसल्या.

"उद्या नोको जाऊ," त्या म्हणाल्या. "परवा जाय."

तो मान खाली घालून जेवत राहिला. जेवण झालं, हात धुतला आणि खिशातला फोन काढून अंगणात गेला. आम्हाला आतून ऐकू येत होतं. तो कुणाला तरी सांगत होता, की मी गावी आहे, आईकडे, उद्या जमणार नाही.